साठपर्यंत कुणी मोजायचं?

नवजात बाळाचा श्वास मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. बाळ झोपलेलं किंवा निदान शांत हवं. ते रडत असेल, पीत असेल, तर मोजणी वाया. अंगावरचं दुपटं बाजूला करायचं, झबलं वर सरकवायचं आणि पोटावर नजर ठेवायची, कारण या वयात श्वास छातीपेक्षा पोटात जास्त दिसतो. पोट वर आलं, खाली गेलं, एक झाला. पण हे काही लयीत चालत नाही. बाळ भराभर श्वास घेतं, मग काही क्षण घेतच नाही, पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि पुन्हा भराभर सुरू होतं. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, असा हिशेब इथे चालत नाही. पूर्ण मिनिटभर मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर पुन्हा एकदा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर धोक्याचं लक्षण धरायचं. न्यूमोनिया असू शकतो, रक्तात जंतुसंसर्ग असू शकतो.

एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, स्टेथोस्कोपसुद्धा नाही. दोन डोळे, एक मिनिट आणि साठपर्यंतची मोजणी. याहून साधी तपासणी वैद्यकशास्त्रात शोधून सापडणार नाही. आणि तरीही 1980च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत ती अडली. कारण बाळाजवळ हमखास असणारी बाई म्हणजे गावची दाई, आणि बऱ्याच दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं.

मी वैद्यकीय उपकरणांचं डिझाइन करते. गेली काही वर्षं नवजात बाळांच्या वस्तूंवरच काम चाललं आहे. आमच्या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं विचारतात, कुठून सुरुवात करू, काय वाचू, कुठली मशीन उघडून बघू. मी त्यांना आधी गडचिरोलीच्या या मोजणीपाशी आणून उभं करते. मला स्वतःला जे काही कळलं आहे त्यातलं बरंचसं तिथेच सुरू होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि 1986 मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा फार मोठा होता. औषध होतं, महागही नव्हतं: को-ट्रायमॉक्साझोलचं पातळ औषध. प्रश्न होता तो ते कुणाला द्यायचं, हे गावात कोण ठरवणार याचा. खोकला तर प्रत्येक पोराला असतो. त्यातल्या कुणाला खरंच न्यूमोनिया झालाय, हे श्वासाच्या वेगावरून ओळखता येतं. पण त्यासाठी मोजायला हवं.

इथे आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. प्रशिक्षण द्या. दाईला अंक शिकवा, साठपर्यंत घोकून घ्या, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या. मी कितीतरी बैठकांना बसले आहे जिथे उपकरणाची प्रत्येक अडचण शेवटी ‘यूजर ट्रेनिंग’ नावाच्या रकान्यात ढकलली जाते आणि सगळे समाधानाने चहाला उठतात. सर्चने तसं केलं नाही. त्यांनी आधी पाहिलं की दाईला येतं काय. दहा-बारापर्यंत मोजता येत होतं. रोजच्या व्यवहाराला तेवढं पुरत होतं. मग त्यांनी उपकरण दहापर्यंतच्या मोजणीवर उभं केलं.

त्याला श्वासमापक म्हणतात. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि सोबत दोन ओळींत मणी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. घड्याळ उलटं करायचं आणि मोजायला लागायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि पुन्हा एकपासून मोजायचं. लहान बाळाच्या ओळीत पाच मण्यांनंतरचा सहावा मणी लाल. मोठ्या मुलाच्या ओळीत चारनंतरचा पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. वाळू आधी संपली, तर नाही.

हे वाचायला जितका वेळ लागला त्याहून थोडा जास्त वेळ त्यावर थांबावं असं मला वाटतं. साठ हा आकडा त्या दाईच्या डोक्यातून पूर्णपणे निघून गेला आहे. पन्नास कुणाला लागू आणि साठ कुणाला, हेही तिला लक्षात ठेवायचं नाही. बाळाच्या वयाची ओळ निवडली की झालं. घड्याळाचा काटा वाचायचा नाही. आणि मला डिझायनर म्हणून सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे मणी बोटाने सरकतो. नजर बाळाच्या पोटावरून सारखी हलवावी लागत नाही. श्वास मोजताना चूक होते ती बहुतेक वेळा इथेच: घड्याळाकडे बघायला मान वळते आणि तेवढ्यात दोन श्वास निसटतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्याच सुमारास आरोग्य कार्यकर्त्यांसाठी एक छोटा इलेक्ट्रॉनिक टायमर आणला. तो सेकंदासेकंदाला टिकटिक करतो आणि मिनिट संपलं की वाजतो. चांगलं, टिकाऊ उपकरण. पण टिकटिक कानात चालू असताना नजरेने वेगळी लय मोजून बघा. थोड्या वेळाने आपण श्वास मोजतोय की टिकटिक, हेच कळेनासं होतं. मी हे स्वतः करून पाहिलं आहे. वाळूला आवाज नसतो, ही मला तेव्हापासून त्या साधनाची मोठी गुणवत्ता वाटते. पुढे पोटावर पट्टा बांधून आपोआप श्वास मोजणारी यंत्रंही आली. त्यांना माझा विरोध नाही. पण बॅटरी, चार्जर आणि दुरुस्ती या तीन गोष्टींचं उत्तर ज्या गावात नाही तिथे ती यंत्रं कपाटात जातात, आणि बाळाजवळची बाई पुन्हा रिकाम्या हाती राहते.

तर, माझं म्हणणं हे आहे. साधं उपकरण म्हणजे मोठ्या यंत्रातून महागडे भाग काढून टाकून उरलेलं यंत्र नव्हे. साधं उपकरण म्हणजे ज्यात अवघड निर्णय कुणीतरी आधीच घेऊन ठेवला आहे. लाल मणी सहावाच का? पाचवा ठेवला असता तर कितीतरी धडधाकट बाळांना उगाच औषध गेलं असतं. सातवा ठेवला असता तर आजारी बाळं निसटली असती. हा वाद डॉक्टरांनी, संशोधकांनी आपापसात आधी पुरता घातला, आकडेवारीवर घासून घेतला आणि मग त्याचा निकाल एका मण्याच्या रंगात ठेवला. रात्री कंदिलाच्या उजेडात बसलेल्या दाईवर तो वाद आला नाही. अवघडपणा नाहीसा झालेला नाही. तो तिच्या हातातून काढून आपल्या टेबलावर घेतला आहे, आणि तो तिथेच असायला हवा, कारण आपल्याकडे वेळ आहे, पुस्तकं आहेत, झोप झालेली आहे.

पण मग दुसऱ्या कुणासाठी निर्णय घेऊन ठेवायचा, तर ती कोण आहे हे ठाऊक असायला हवं. इथे बहुतेक डिझाइन फसतं.

आमच्या क्षेत्रात गाडीच्या सुट्या भागांपासून केलेल्या इन्क्युबेटरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेतल्या ‘डिझाइन दॅट मॅटर्स’ या संस्थेचं ते काम. कल्पना डोळे दिपवणारी होती. गरीब देशांत दान आलेले इन्क्युबेटर बंद पडून राहतात, पण गाड्या मात्र सगळीकडे दुरुस्त होतात. तर हेडलाइटची ऊब, डॅशबोर्डचा पंखा, दाराच्या घंटीचा अलार्म आणि मोटरसायकलची बॅटरी घेऊन इन्क्युबेटर करायचा. 2010 मध्ये ‘टाइम’ मासिकाने त्याला वर्षाच्या उत्तम शोधांमध्ये स्थान दिलं. आणि तो बाजारात आलाच नाही. तो बनवायला कुणी कंपनी पुढे आली नाही, आणि रुग्णालयांनाही गाडीच्या भागांचं यंत्र नको होतं. संस्थेच्या संस्थापकाने हे नंतर जाहीरपणे, स्पष्ट शब्दांत सांगितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. कारण पुढचं काम त्या सांगण्यातून आलं.

ते पुढचं काम म्हणजे काविळीच्या बाळांसाठीचं निळ्या प्रकाशाचं यंत्र, ‘फायरफ्लाय’, व्हिएतनाममध्ये तयार होणारं. त्यात बाळ ठेवायची जागा मुद्दाम एवढीशी केली आहे की तिथे एकच बाळ मावतं. कारण गर्दीच्या वॉर्डात एका दिव्याखाली दोन-तीन बाळं ठेवतात, आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होतो. ‘एका वेळी एकच बाळ ठेवावे’ अशी पाटी लावता आली असती. पाटी लावणं म्हणजे निर्णय पुन्हा सिस्टरवर ढकलणं, आणि तोही अशा वेळी, जेव्हा तिच्यासमोर पिवळी पडलेली तीन बाळं आहेत आणि यंत्र एक. यंत्राच्या आकाराने तिला त्या पेचातून सोडवलं. अर्थात यंत्रं तीन हवीत, हे उरतंच. ते डिझाइनने सुटत नाही, पैशाने सुटतं, आणि ते बोलायला आपण लाजू नये.

बबल सीपॅपचंही थोडक्यात सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडताना मिटून जातात. ती उघडी राहावीत म्हणून नाकातून सतत हलका दाब द्यायचा. दाब किती, हे ठरतं नळीचं दुसरं टोक पाण्यात किती खोल बुडवलं त्यावर. पाच सेंटिमीटर बुडवलं, तर पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब. दाब मोजायचं वेगळं यंत्रच लागत नाही, आणि बुडबुडे येत आहेत तोवर दाब आहे हे खोलीच्या दारातूनही दिसतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या चमूने मत्स्यटाकीच्या पंपांवर चालणारं असं उपकरण केलं आणि आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात ते वापरून पाहिलं. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. श्वासाच्या तीव्र त्रासात नुसत्या प्राणवायूवर 44 टक्के बाळं जगली होती, या उपकरणावर 71 टक्के. अशा आकड्यांसमोर मी दर वेळी नव्याने थांबते.

आता माझ्या स्वतःच्या कामाकडे येते.

मी सध्या बोंडल्यावर काम करते आहे. तेच ते, आपल्या आज्यांच्या कपाटातलं चोच असलेलं चांदीचं छोटंसं भांडं. दक्षिणेत त्याला पालाडाई म्हणतात, आणि वैद्यकीय पुस्तकांत तेच नाव रूढ झालं आहे. साधारण चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ घालता येत नाही. ते छातीशी लावलं तरी ओढत नाही. फारच लहान असेल तर नळीने दूध देतात. पण नळी आणि अंगावर पिणं यांच्या मधल्या दिवसांत आईचं दूध काढून ते चमच्याने, वाटीने किंवा बोंडल्याने पाजायचं असतं. बाटली नको, कारण तिचं बूच स्वच्छ ठेवणं कठीण आणि त्यातून जुलाब ठरलेले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाटली, वाटी आणि बोंडलं यांची तुलना झाली, तेव्हा बोंडल्यानेच बाळं कमी वेळात जास्त दूध प्यायली. म्हणजे शेकडो वर्षं घरात असलेलं भांडं वैद्यकीय कसोटीलाही उतरलं.

मग नवीन काय करायचं? हा प्रश्न मला एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाबाहेर एका आजींनीही विचारला. त्यांनी माझ्या हातातला प्लास्टिकचा नमुना उलटसुलट करून बघितला. “आमच्या येळंला चांदीचं हुतं. ह्ये हलकं हाय गं, पण दूध कुठवर आलंय ते दिसतंय ह्यातनं. चांदीच्यात काय दिसायचं न्हाई.” आणि मग चोचीवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, “हितं घाण अडकल.”

आजींनी ज्या दोन गोष्टी बोटावर काढून दाखवल्या, त्याच गोष्टींवर आमचं निम्मं काम चाललेलं असतं. चोच जिथे भांड्याला मिळते तिथे आतून कोपरा राहता कामा नये. दुधातली चरबी कोपऱ्यात धरून बसते, आणि घरी धुताना बोट तिथवर पोचत नाही. म्हणून चोच उथळ हवी, करंगळी फिरेल इतकी. पण उथळ केली की धार पसरते, आणि दूध बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून मानेवर उतरतं. मानेखालच्या दुपट्यात जिरलेलं दूध प्यायलं म्हणून धरलं जातं. दीड किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी दर दोन तासांनी जेमतेम दहा मिलिलिटर द्यायचं असतं. त्यातलं दोन सांडलं तर पाचवा हिस्सा गेला.

आणि पहिल्या दिवसांतला चीक. तो घट्ट, पिवळा, थेंबाथेंबाने येणारा. बाळंतीण बाई वीस-पंचवीस मिनिटं बसून जे काढते ते कधीकधी वाटीच्या तळालाही पुरत नाही. तो चीक भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतो, ओघळत नाही. मी एका आईला स्वच्छ बोटाच्या टोकाने भिंतीवरचा चीक पुसून तो बाळाच्या ओठांना लावताना पाहिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर भांड्याचा आतला उतार किती असावा, पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा, यावर आमच्या छोट्याशा टीममध्ये फार गंभीरपणे चर्चा झाली, आणि मला वाटतं ती तितकी गंभीर व्हायलाच हवी होती.

सगळ्यात जास्त वाद मात्र रेघांवरून आहे. पाच, दहा, पंधरा अशा मिलिलिटरच्या खुणा भांड्यावर असाव्यात की नसाव्यात? कक्षातल्या सिस्टरांचं म्हणणं स्पष्ट आहे. “मॅडम, रेघा काढाच. किती घेतलं ते आम्हाला चार्टवर लिहावं लागतं.” रास्त आहे. वजन वाढतंय की नाही, नळी काढायची की नाही, हे त्या आकड्यांवर ठरतं. पण तेच भांडं डिस्चार्जनंतर आईबरोबर घरी जातं. रात्री अडीच वाजता ती एकटी आहे. दहाची रेघ तिला सांगून ठेवलेली आहे. बाळ सातवर थकून झोपलं. उरलेलं दूध भांड्यात दिसतंय. मग काळजीपोटी ती चोच ओठांशी नेते आणि तिरपी करते. थकलेल्या बाळाच्या तोंडात ओतलेलं दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणजे सिस्टरच्या हातात जी रेघ माहिती आहे, तीच आईच्या हातात हुकूम होते.

गडचिरोलीचंच पुढे काय झालं ते इथे आठवतं. 1990च्या दशकात सर्चने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच लिहिता-वाचता येणाऱ्या बायका प्रशिक्षण घेऊन घरोघरी जात, वजन घेत, ताप बघत, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही देत. नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी 62 वरून 25 च्या आसपास आलं आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. 2011 मध्ये ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. त्यांच्या पिशवीत मनगटी घड्याळ असतं, थर्मामीटर असतं, झोळीचा वजनकाटा असतो. सेकंद वाचता येणाऱ्या बाईला घड्याळ दिलं, दहापर्यंत मोजणाऱ्या दाईला मणी दिले होते. हात बदलला तसं साधन बदललं, आणि त्यात आधीचं साधन कमी प्रतीचं ठरत नाही.

या न्यायाने खरं तर दोन बोंडली हवीत, एक कक्षासाठी आणि एक घरासाठी. पण दोन साचे म्हणजे दुप्पट खर्च, आणि जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात दोन वस्तू आल्या की घाईत चुकीची वस्तू चुकीच्या हाती जाते. मी सुचवलं होतं की रेघा बोंडल्यावर नकोत, दूध ज्या वाटीत काढतात त्या वाटीवर असाव्यात. सिस्टरांनी ते लगेच खोडून काढलं: वाटीतून बोंडल्यात ओतताना चीक वाटीलाच राहतो, मग वाटीवरच्या आकड्याला अर्थ काय? त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून तो पर्याय मागे पडला.

आता नवा नमुना आहे त्यात पाचच्या टप्प्याने रेघा आहेत, पण त्या भांड्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे पाजणाऱ्याच्या नाही तर समोर बसलेल्या माणसाच्या नजरेला पडतील अशा. कक्षात दुसरी सिस्टर वाचून लिहू शकते. घरी आई एकटी असताना तिच्या समोर फक्त बाळाचं तोंड आणि दुधाची कड येते. कक्षातल्या मुख्य सिस्टरांना हे अजून पटलेलं नाही. दुसरी सिस्टर रिकामी असते कुठे, असं त्यांचं म्हणणं, आणि रात्रपाळीचा वॉर्ड ज्यांनी पाहिला आहे ते त्यांच्याच बाजूने बोलतील. पुढच्या खेपेला मी रात्रपाळीलाच तिथे बसणार आहे. रेघ कोण वाचतं, केव्हा वाचतं आणि वाचून काय करतं, ते बघायचं आहे. साचा त्यानंतरच कापायला देऊ.